झाशी, सिव्हिल लाइन्स : जुन्या बंगल्यातला मुक्काम

मागच्या भागात आपण भुसावळ, खंडवा, इटारसी, भोपाळ करत पंजाब मेलने झाशीपर्यंत आलो होतो. १९१२ साली सुरू झालेली ही गाडी आजही मुंबईहून संध्याकाळी निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झाशीला सोडते. स्टेशनचं नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई आहे, पण रिक्षावाला 'झाँसी'च म्हणतो. आज किल्ला नाही, राणी महाल नाही. आज फक्त रात्री झोपलो कुठे, एवढंच सांगणार आहे. विषय किरकोळ वाटेल. मलाही वाटला होता.

आमच्याबरोबर माझी आत्या होती. वय एक्याऐंशी. तिच्या आजीचं, म्हणजे माझ्या पणजीचं, माहेर झाशीचं. नारो शंकर अठराव्या शतकाच्या मध्यावर पेशव्यांचे सुभेदार म्हणून इथे आले, किल्ला वाढवला, गाव वसवला. मग नेवाळकर आले. त्यांच्या मागोमाग देशावरची आणि कोकणातली कितीतरी घराणी इथे स्थिरावली. त्यातलंच पणजीचं एक. घर नेमकं कोणत्या गल्लीत होतं ते आता कुणालाच सांगता येत नाही. आत्याला एकदा ते गाव बघायचं होतं, बस.

मी हॉटेल शोधताना मला सिव्हिल लाइन्समधला एक जुना बंगला सापडला. पाटीवर हिंदीत 'सिविल लाइंस' लिहिलेलं. उंच जोतं, पुढे कमानींचा व्हरांडा, आवारात कडुनिंब आणि आंबा, आत सातच खोल्या. नाव सांगत नाही, जाहिरात होईल. मी खूश. आत्याने रिक्षातून उतरून बंगल्याकडे पाहिलं आणि पायरीवरच बसली.

"राणीच्या गावात येऊन गोऱ्याच्या बंगल्यात झोपायचं का रे? आजी सांगायची, आम्हा मुलींना तिकडे जायला बंदी होती. तिकडे गोरे राहतात म्हणून."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोलीचे पैसे भरलेले होते, एवढंच.

तर मंडळी, आधी हे सिव्हिल लाइन्स प्रकरण समजून घेऊ. नागपूरकरांना ते सांगायला नको. रवी भवन, मंत्र्यांचे बंगले, रुंद रस्ते, रेनट्री. पुणेकरांनी कॅम्प डोळ्यांसमोर आणला तरी अर्धं चित्र मिळेल. अर्धंच, कारण कॅम्प म्हणजे छावणी, लष्कराची. सिव्हिल लाइन्स म्हणजे मुलकी साहेबांची वस्ती: कलेक्टर, जज्ज, सिव्हिल सर्जन, इंजिनिअर. जुन्या शहरापासून लांब, मोठमोठ्या आवारांत एकेक बंगला. उत्तर हिंदुस्थानात १८५७ नंतर अशा वस्त्या जास्त जाणीवपूर्वक आखल्या गेल्या. शहर आणि साहेब यांच्यात मोकळी जागा हवी, हा त्यातला विचार. नागपूर आणि झाशी ही दोन्ही मराठी राज्यं १८५४ साली, डलहौसीच्या त्याच धोरणाखाली खालसा झाली. एका ठिकाणी भोसल्यांना वारस नाही म्हणून, दुसऱ्या ठिकाणी गंगाधररावांचा दत्तक मान्य नाही म्हणून. दोन्हीकडे सिव्हिल लाइन्स आहेत, यात योगायोग फारसा नाही.

झाशीची गंमत मात्र आणखी वेगळी. १८६१ साली इंग्रजांनी झाशी शहर आणि किल्ला शिंद्यांना देऊन टाकला. स्वतःकडे ठेवली ती मुलकी वस्ती आणि छावणी. त्या भागाला त्यांनी नाव दिलं 'झाँसी नौआबाद', म्हणजे नव्याने वसवलेली झाशी. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी शिंद्यांना परत करून इंग्रजांनी झाशी शहर पुन्हा घेतलं. म्हणजे मधली पंचवीस वर्षं इथे दोन झाश्या होत्या. एकीत शिंद्यांचा अंमल, शेजारच्या दुसरीत इंग्रजांचा. पणजीचा जन्म या काळानंतरचा, पण तिच्या घरातल्या मोठ्यांनी ही सीमा रोज पाहिलेली असणार. मुलींना 'तिकडे जायचं नाही' हे सांगणं नुसत्या भीतीतून आलेलं नसावं. अलीकडच्या आठवणीतलं ते दुसरं राज्य होतं.

आता बंगला. रेल्वे नव्हती तेव्हा साहेब प्रवास करायचा तो 'डाक' लावून. डाक म्हणजे टप्पे. दर टप्प्याला ताजे घोडे किंवा पालखीचे ताजे भोई उभे. पत्रंही अशीच जायची, म्हणून आपल्याकडे डाक म्हणजे टपाल. १८४० च्या दशकापासून कंपनी सरकारने मुख्य रस्त्यांवर साधारण दहा-पंधरा मैलांवर उतरायचे बंगले बांधले. तेच डाकबंगले. दोन-तीन खोल्या, पलंग, टेबल, खुर्च्या, मागे स्वयंपाकघर आणि एक खानसामा. अंथरूण-पांघरूण पाहुण्याने आपलं आणायचं. रीत अशी की आलेल्याला चोवीस तास राहण्याचा हक्क. त्यानंतर दुसरा कुणी आला तर खोली सोडायची. आधी आरक्षण वगैरे काही नाही.

जेवण? पाहुणा आवारात शिरला की खानसामा आधी कोंबडीमागे धावायचा. तासाभरात ती ताटात. अँग्लो-इंडियन बोलीत या पदार्थाला चक्क 'आकस्मिक मृत्यू' अशा अर्थाचं नाव होतं, आणि त्या काळच्या कोशातही ते नोंदलेलं आहे. डाकबंगल्यांच्या भुताच्या गोष्टीही पुष्कळ. किपलिंगची एक कथा आहे, ज्यात रात्रभर शेजारच्या खोलीत बिलियर्ड खेळल्याचे आवाज येतात आणि शेवटी ते उंदीर आणि सैल खिडकी निघतात. आमच्या बंगल्यातही रात्री छतावर काहीतरी गडगडलं. सकाळी पाहिलं तर माकडं होती.

मी उतरलो तो बंगला मूळचा डाकबंगला नाही, कुणा अधिकाऱ्याचं राहतं घर. पण घडण तीच. आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती छत. खोलीच्या रुंदीपेक्षा उंची जास्त वाटते. झाशीत मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. गरम हवा वर चढते, म्हणून छताजवळ झरोके आणि ते उघडझाप करायला दोऱ्या. भिंती हातभर जाड. चहूबाजूंनी व्हरांडा, म्हणजे ऊन थेट खोलीच्या भिंतीला लागत नाही. भिंतीत वरच्या बाजूला एक छोटं भोक अजून आहे, आता सिमेंटने बुजवलेलं. त्यातून पंख्याची दोरी बाहेर जायची. छताला टांगलेला कापडी पंखा आत हलायचा आणि दोरी ओढणारा माणूस व्हरांड्यात उन्हाच्या झळा खात बसायचा. कितीतरी पंखेवाले दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून, पडल्या पडल्या ओढत. आपण खोलीत 'किती गार आहे' म्हणतो, तेव्हा भिंतीच्या पलीकडचा तो माणूसही हिशोबात धरायला हवा.

थोडं व्यवहाराचं बोलतो, कारण तुम्हीही अशा ठिकाणी उतराल. 'हेरिटेज' हा शब्द पाहून भुलू नका. मी मागे एकदा भुललो होतो. जागेचं नाव सांगत नाही. पोचल्यावर कळलं की जुना फक्त दरवाजा आहे, बाकी सगळं दहा वर्षांपूर्वीचं प्लायवुड. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत हेरिटेज हॉटेलसाठी इमारत १९५० पूर्वीची लागते, आणि सर्वांत वरच्या 'ग्रँड' वर्गासाठी १९३५ पूर्वीची. तेव्हा सरळ विचारा: वर्गवारीचा दाखला आहे का? नसला तरी हरकत नाही, झाशीतल्या आमच्या बंगल्याकडेही नव्हता. पण उत्तर देताना मालक अडखळतो की नाही ते कळतं. दुसरं, थंडीत जाणार असाल तर ही उंच छतं उलटतात. डिसेंबरात खोली तापतच नाही, जास्तीची रजई आधी मागून ठेवा. तिसरं, जेवण दुपारी चारच्या आत सांगा. खानसाम्याचा काळ संपला, पण इथे अजून सांगितल्यावरच भाजी आणायला माणूस जातो.

आता त्याच गावातला दुसऱ्या प्रकारचा मुक्काम. रायगड जिल्ह्यातल्या पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे तुम्हाला माहीत आहेत. 'माझा प्रवास' लिहिणारे. १८५७ साली ते आणि त्यांचे काका घरून निघाले, कारण बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा मिळेल असं कानावर आलं होतं. घरावर कर्ज होतं. वाटेत बंडाच्या धुमाळीत सापडले आणि झाशीला येऊन पोचले. ते कुठे उतरले? डाकबंगल्यात नाही, सराईतही नाही. ते आपल्याच लोकांत, मराठी ब्राह्मणांच्या आश्रयाने राहिले. गोत्र, शाखा, गाव सांगितलं की दार उघडायचं. पैसे द्यायचे नसत. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या सैन्याने वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. ३ एप्रिलला इंग्रज तटावरून आत शिरले. नंतरचे दिवस कत्तलीचे आणि लुटीचे. गोडसे लपून राहिले आणि वाचले. घरी पोचल्यावर कितीतरी वर्षांनी, १८८० च्या दशकात, त्यांनी हे लिहून काढलं. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली, बरीच काटछाट करून, छापलं. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर यायला दत्तो वामन पोतदारांची १९६६ ची आवृत्ती उजाडावी लागली.

हे सगळं मी त्या संध्याकाळी आत्याला सांगत होतो. ती अजूनही व्हरांड्यातच होती. आत यायला तयार नाही. व्यवस्थापकाने बिचाऱ्याने तिथेच खाट टाकून दिली, वर मच्छरदाणी. मी म्हटलं, "आत्या, गोडसे भटजींना बघ कसा आसरा मिळाला. कुणी पैसे विचारले नाहीत."

आत्या म्हणाली, "भटजी होते म्हणून. तू गोडसे नसतास, दुसरा कुणी असतास, तर उघडलं असतं का दार?"

मंडळी, माझी तयारी इथे तोकडी पडली. मी डाकबंगल्याविरुद्ध वाडा अशी मांडणी करून आलो होतो. साहेबाचं दार बंद, आपलं दार उघडं. डाकबंगला कागदावर सगळ्या प्रवाशांना खुला असे, व्यवहारात तो गोऱ्यांचा. हे खरं. पण आपल्या उघड्या दाराची अट मी बोललोच नव्हतो.

या अटीचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण उतारूंच्या जागेचंच आहे. १९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला आले. शिष्यवृत्ती संस्थानानेच दिली होती, करार होता. बडोद्यात उतरायला जागा नाही. हिंदू हॉटेलात घेणार नाहीत हे माहीत होतं. शेवटी पारशी लोकांच्या एका उतारखान्यात पारशी नाव लावून ते राहिले. वरच्या मजल्यावर सोबत कुणी नाही, भोवती अडगळ. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले लोक जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडा. मित्रांकडे विचारलं, त्यांनीही अडचणी सांगितल्या. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते एका बागेत बसून राहिले. त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हे लिहिलं आहे. परदेशात कुठेही खोली मिळाली, बडोद्यात नाही.

मधे एक कायद्याची गोष्ट. १८६७ चा सराई कायदा. सराई म्हणजे वाटसरूंना उतरायची जागा, आणि ती चालवणाऱ्याने काय करायचं ते त्यात लिहिलेलं आहे. मला हा कायदा फार आवडतो, कारण त्यात घर चालवणाऱ्याची नजर आहे. खोल्या, व्हरांडे, गटारं, विहिरी स्वच्छ ठेवायच्या. साथीच्या रोगाने कुणी आजारी पडला किंवा मेला तर जवळच्या पोलिस ठाण्याला लगेच कळवायचं. चोरांना आत यायला किंवा पळायला उपयोगी पडतील अशा झाडाच्या फांद्या तोडायच्या. चौकीदार ठेवायचे. दरपत्रक सगळ्यांना दिसेल असं लावायचं. आज हॉटेलच्या काउंटरमागे दरपत्रक लावलेलं दिसतं, तेव्हा मला ती फांदी आठवते. कोणाला आत घ्यायचं नाही, याबद्दल मात्र मालकाचा हात धरणारं कायद्याचं खरं बळ यायला स्वतंत्र भारताची राज्यघटना लागली. कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक उपाहारगृहं यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

रात्री आत्या एकदा उठली. तिला न्हाणीघरात जायचं होतं, म्हणून पहिल्यांदा आत आली. मी बॅटरी घेऊन बरोबर. जुन्या बंगल्यांचं न्हाणीघर मोठं असतं, एखाद्या खोलीएवढं. फरशी नवी, गीझर नवा, पण समोरच्या भिंतीत एक बुटकं दार होतं, बाहेरून कडी असलेलं. आत्याने विचारलं, हे कशाला?

मी सकाळीच व्यवस्थापकाला तेच विचारलं होतं. नळ आणि ड्रेनेज येण्याआधी या बंगल्यांत लाकडी खुर्चीखाली भांडं ठेवलेलं असे. ते उचलायला सफाई करणारा माणूस यायचा. त्याने घरातून जायचं नाही, दिवाणखाना ओलांडायचा नाही, साहेबाच्या नजरेस पडायचं नाही. म्हणून प्रत्येक न्हाणीघराला मागून वेगळं दार. बंगल्याचा नकाशा काढला तर पुढे एक भव्य दार दिसतं आणि मागे अशी चार-पाच बुटकी. पाहुण्याला पुढचं दार आठवतं. ज्याच्या कष्टावर पाहुण्याची सोय उभी होती, त्याला आयुष्यभर फक्त मागचं माहीत.

आत्या दाराला हात लावून उभी राहिली. मग म्हणाली, "आजीच्या माहेरच्या घरालाही होतं असं. गल्लीच्या मागच्या बाजूला, बोळात उघडणारं. आजी सांगायची, त्या दाराकडेही आम्ही मुली जायचो नाही."

एवढं बोलून ती परत खाटेवर गेली नाही. "बाहेर डास फार आहेत," म्हणाली आणि आतल्या पलंगावर झोपली.

सकाळी आम्ही शहरात गेलो. किल्ल्याच्या पायथ्याजवळच्या गणेश मंदिरात, जिथे १८४२ साली राणीचं लग्न लागलं असं सांगतात, तिथे आत्या अर्धा तास बसली. मग तीन गल्ल्या फिरलो. घर सापडलं नाही, सापडेल असं आम्हालाही वाटलं नव्हतं. एका जुन्या घरामागे बोळ होता, तिथे ती थांबली आणि भिंतीकडे पाहत राहिली. भिंत लिंपलेली होती, दार असलं तरी दिसत नव्हतं.

दुपारी बंगला सोडताना व्यवस्थापकाने रजिस्टर पुढे केलं. नाव, वय, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचं कारण. मी आल्यावर सगळ्यांच्या वतीने भरलं होतं, पण आत्याची सही राहिली होती. तिने सही केली, कारणाच्या रकान्यात मी लिहिलेलं 'पर्यटन' वाचलं, काही बोलली नाही. मग पर्स उघडून तिच्या वाटणीचे पैसे मोजून टेबलावर ठेवले. मी नको म्हणत होतो. "पावती माझ्या नावाची द्या," ती व्यवस्थापकाला हिंदीत म्हणाली, आणि पावती नीट घडी करून पर्समध्ये ठेवली.

सगळ्यांनी पुढच्या कमानीखाली उभं राहून फोटो काढला. तो या भागाच्या चित्रफितीत तुम्ही पाहिला असेल. आत्या त्यात नाही. तिने मला हाताला धरून बंगल्याच्या मागे नेलं आणि त्या बुटक्या दाराचा फोटो काढायला लावला. दारापुढे आता गॅसचे दोन रिकामे सिलिंडर ठेवलेले होते. ते बाजूला सरकवायला तिने दिले नाहीत.

रिक्षा आली होती. ओरछा इथून साधारण पंधरा किलोमीटर. तिथे राजा उदैतसिंहासाठी बांधलेल्या शीशमहालात आता मध्य प्रदेश पर्यटनाचं हॉटेल आहे. त्या मुक्कामाबद्दल पुढच्या भागात.